सकाळचं नाव रात्री का बदललं

ताई, नमस्कार.

तुम्ही आमच्या सहलीला एकच स्टार देऊन लिहिलंय की श्रीलंकेतल्या मिरिस्साच्या बोटीवर गाईडने 'पिग्मी किलर व्हेल' सांगितलं आणि रात्री ग्रुपवर 'मेलन-हेडेड व्हेल' म्हणून कळवलं. ज्यांना जनावर ओळखता येत नाही त्यांनी बेळगावातून श्रीलंकेला माणसं नेऊ नयेत, असंही तुम्ही म्हणता. शिवाय बोट लांबच उभी केली आणि उपीट गार होतं, या तक्रारी.

नावाची चूक आमचीच. गाईडने पांढरे ओठ बघितले आणि बोलून गेला. पांढरे ओठ दोघांनाही असतात. दोन्ही साधारण अडीच मीटरचे, दोन्ही काळपट, पाठीवरचा परही जवळपास सारखा. आपल्या खानापूरच्या जंगलात तिन्हीसांजेला गवा की म्हैस असा घोळ झाला, तर पायातले पांढरे मोजे दिसले की प्रश्न मिटतो. इथे नेमकी खूण पाण्याखाली राहते. पिग्मी किलरच्या फ्लिपरचं, म्हणजे छातीजवळच्या वल्ह्यासारख्या पराचं, टोक गोलसर, मेलन-हेडेडचं टोकदार. मेलन-हेडेड बऱ्याचदा शेकड्यांनी फिरतात, पिग्मी किलर बहुधा ५० च्या आत. पण आम्ही ३०-४० पाठी मोजल्या. पुढे आणखी कळप होता का, ते बोटीवरून कळेना.

नाव बदललं ते तुमच्याच मुलाच्या फोटोमुळे. हॉटेलवर त्याने मोबाईल पुढे केला. एक जनावर अर्धं पाण्याबाहेर, अंगावरून पाणी निथळतंय आणि फ्लिपर विळ्याच्या टोकासारखा. मोठा करून बघितलं, तर पाठीचा गडद रंग पराखाली खोलवर उतरलेला. पिग्मी किलरमध्ये तो एवढा खाली येत नाही. गाईडने तिथल्या तिथे ग्रुपवर दुरुस्ती टाकली. मला त्याचा अभिमान वाटतो. तो गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं, आणि पोराच्या वहीत चुकीचं नाव राहिलं असतं.

बोट लांब ठेवली आणि पुढेही लांबच ठेवू. हे प्राणी रात्री माकूल (स्क्विड) धरतात, दिवसा विसावतात. त्यांच्या कळपात आम्ही इंजिन घालणार नाही, कुणी जास्त पैसे दिले तरी.

उपीट गार होतं, हे खरं. माफ करा.

यापुढे खात्री नसेल तर बोटीवर 'फोटो बघून सांगतो' एवढंच बोलायचं, असं सगळ्या गाईडना सांगितलंय. आणि मुलाने तो फोटो मूळ साईजमध्ये पाठवला, तर टिळकवाडीच्या ऑफिसात त्याच्या नावासकट लावायचा आहे. तुमची हरकत नसेल तर कळवा.