तुमचा स्वभाव इंट्राडेला सूट होतो का? घरच्या घरी तपासा

मेथीच्या जुडीमागे पाच रुपये कमी करा म्हणून भाजीवालीशी दहा मिनिटं हुज्जत घालता, आणि घरी येताना लिफ्ट वर जाईपर्यंत मोबाईलवर इंट्राडेत, म्हणजे शेअरचा सौदा त्याच दिवशी सुरू करून त्याच दिवशी मिटवायच्या खेळात, एक लाखाची पोझिशन (म्हणजे सौदा) घेऊन मोकळे होता? मग अभिनंदन, निम्मी परीक्षा इथेच पास झालात. उरलेली निम्मी जरा अवघड आहे पण तुम्हाला जमेल.

पहिलं बघा, आपलं चुकलं हे मान्य करायला किती वेळ लागतो? पाच मिनिटं लागत असतील तर नाद सोडा, हे क्षेत्र तुमचं नाही. इथे लागतो तो माणूस जो 500 चा शेअर घेतो, 495 ला स्टॉपलॉस लावतो (भाव तिथे पडला की शेअर आपोआप विकून तोटा थांबवणारी ऑर्डर), भाव साडेपंच्याण्णवला आला की "ऑपरेटर, म्हणजे भाव हलवणारे बडे खेळाडू, मुद्दाम स्टॉपलॉस उडवतायत" म्हणून तो 490 ला नेतो आणि 491 दिसलं की काढूनच टाकतो, कारण रिलेशनशिप असो की शेअर, विश्वास पाहिजे राव. मग तीन वाजून गेले की ब्रोकर आपोआप पोझिशन कापणार हे आठवतं आणि धावत धावत तिचं डिलिव्हरीत (पूर्ण पैसे भरून शेअर स्वतःकडे ठेवणं) रूपांतर करायला जावं तर कळतं की लाखाच्या मालासाठी आपण फक्त 20 हजार मार्जिन भरलंय, बाकीचे 80 आणायचे कुठून? एफडी असतेच की. तर असं इंट्राडेचं डिलिव्हरी, डिलिव्हरीचं लाँग टर्म, आणि लाँग टर्मचं पुढे नातवंडांसाठी.

प्रॉफिटमध्ये मात्र हा माणूस अतिशय समाधानी असतो हं, 180 रुपये दिसले की लगेच विकून नफा बुक.

कोणीतरी शहाणा येऊन शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीच्या अहवालातले आकडे तोंडावर मारेल. 2022-23 मध्ये कॅश मार्केटात (फ्युचर्स-ऑप्शन्स सोडून थेट शेअरमध्ये) इंट्राडे करणाऱ्या 10 जणांपैकी 7 जण तोट्यात, तिशीच्या आतले तर 76 टक्के, आणि वर्षाला 500 पेक्षा जास्त ट्रेड मारणारे 80 टक्के. घाबरू नका. दहातले तीन कमावतात ना, ते तीन म्हणजे आपण, आपला साडू आणि तो टेलिग्रामवाला. (साडूचं नंतर कळलं, घरात विषय काढायचा नाही असं ठरलंय.) आणि 500 ट्रेडवाल्यांचं बुडतं म्हणून तुम्ही कमी ट्रेड करणार? छे, सकाळचा लॉस दुपारी डबल क्वांटिटीने रिकव्हर नाही केला तर तो स्वभाव कसला.

त्याच अहवालात अजून एक गंमत आहे, जे तोट्यात गेले त्यांनी तोट्याच्या वर आणखी 57 टक्के रक्कम ब्रोकरेज, टॅक्स वगैरे खर्चात घातली. म्हणजे शंभर रुपये बुडवायला सत्तावन्न रुपये हमाली! मेथीवालीने पिशवीचे दोन रुपये मागितले तेव्हा काय बोललो होतो आपण तिला, आठवतंय का?

शॉर्ट मारायची हौस असेल तर दुधात साखर. भाव पडला की स्वस्तात परत घेऊ म्हणून नसलेला शेअर आधी विकायचा, मग त्याला अप्पर सर्किट (त्या दिवशी भाव वाढायची कमाल मर्यादा) लागतं, विकणारा कोणीच नाही, परत घेणार कुठून? मग एक्सचेंज ऑक्शनमध्ये, म्हणजे लिलावात, तुमच्या वतीने घेतं, भाव तुम्हाला न विचारता. देवळात बसून सुद्धा एवढी शरणागती येत नाही.

आणि हा लॉस पगारातून वजा करून टॅक्स वाचवू असं मनात असेल तर विसरा, इंट्राडेचा तोटा सट्ट्यातला धरतात, तो सट्ट्याच्याच नफ्यातून वजा होतो. रिटर्न वेळेत भरलं तर चार वर्षं पुढे ओढता येतो, म्हणजे आईच्या लोणच्यापेक्षा जास्त टिकतो.

माझा स्वभाव तंतोतंत जुळला होता, म्हणून तर एवढं अधिकाराने बोलतोय, पुढचं विचारू नका.

तर उद्या सव्वानऊला ऑफिसच्या टॉयलेटमध्ये जाऊन सुरुवात करा. साडेतीनला बाहेर या, बायकोने विचारलं तर "आज मार्केट साईडवेज होतं, ना वर ना खाली" म्हणा. आणि संध्याकाळी मेथी आणायला गेलात की पाच रुपये कमी करून घ्याच, आता खरंच लागतील.