संजीवन सभेनंतरच्या सोमवारचं काय?

दरवर्षी आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये संजीवन सभा, म्हणजे विश्वास पुन्हा जागा व्हावा म्हणून घेतलेल्या सभा, होतात. मांडव भरतो, गाणी होतात, लोक रडत पुढे येऊन गुडघे टेकतात. ते अश्रू खरे असतात, याबद्दल मला शंका नाही. पण महिन्याभरात तोच भाऊ कमिटीच्या बैठकीत पूर्वीसारखाच ओरडतो, तीच बहीण सुनेशी अबोला धरते. ख्रिस्ताचा स्वभाव आपल्यात यावा असं खरंच वाटत असेल, तर रोजच्या सवयी ठरवून लावून घ्याव्या लागतील, असं माझं ठाम मत आहे.

पुणे जिल्ह्यातल्या केडगावचंच बघा. जून १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, निराधार स्त्रिया-मुलींच्या आश्रमात, मोठं संजीवन झालं, हे आपण व्यासपीठावरून अनेकदा ऐकतो. त्याआधीच्या महिन्यांबद्दल फारसं कोणी बोलत नाही. त्या वर्षीच्या जानेवारीपासून बाईंनी मुलींना रोजच्या प्रार्थनेसाठी एकत्र बसवायला सुरुवात केली होती. आणि नंतरची वर्षं? दुष्काळातून आणलेल्या मुली, त्यांचं जेवणखाण, दुखणी, शिक्षण, शेती, छापखाना एवढा पसारा सांभाळून त्या हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करत होत्या, सबंध पवित्र शास्त्र मराठीत आणत होत्या. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. तरीही त्यांनी ते काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या प्रभूकडे गेल्या, तेव्हा भाषांतर पूर्ण झालेलं होतं. लेकीच्या दुःखातही माणसाला उठून कामाला बसवणारं बळ एका सभेत मिळत नाही. ते वर्षानुवर्षं आत साठत आलेलं असतं.

‘हे कर्मकांड झालं, तारण, म्हणजे पापातून सुटका, तर देवाच्या कृपेने आहे,’ असं कोणी म्हणेल. तारण कृपेनेच आहे. पण कृपेची शिकवण देणारा प्रेषित पौलच आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पत्रात सुभक्तीसाठी कसरत करायला सांगतो. प्रभू येशूचं पाहा. कफर्णहूमात संध्याकाळी सगळं गाव दाराशी लोटलं होतं, त्याने कितीतरी आजारी बरे केले, आणि दुसऱ्या दिवशी अगदी पहाटे, अंधारातच तो उठून एकांतात प्रार्थनेला गेला. त्याला जे गरजेचं वाटलं, ते आपल्याला नको कसं?

प्रार्थना, शास्त्रपाठ, उपवास, दान हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला जास्त कळकळ आहे ती एका विसरलेल्या सवयीची. आमच्या घरी रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेआधी आजी विचारायची, ‘आज कोणाचं कोणाशी वाजलं?’ ज्यांचं वाजलं असेल त्यांनी आधी एकमेकांची क्षमा मागायची, मगच गीत सुरू व्हायचं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभूने हेच सांगितलंय: अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर. माझे दोन काका शेताच्या बांधावरून भांडायचे, पण त्यांचं भांडण कधी दुसऱ्या दिवसावर गेलं नाही. दोघेही स्वभावाने तापटच होते. रोज क्षमा मागून मागून ते सौम्य होत गेले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सहनशीलता, ममता, सौम्यता, इंद्रियदमन ही आत्म्याची फळं आधी घरातल्या माणसांना दिसली पाहिजेत. रविवारी मंडळीसमोर उभं राहून द्यायच्या साक्षीचा नंबर त्यानंतर.

म्हणून पाळकसाहेबांना आणि पंचांना हात जोडून विनंती आहे. पुढच्या सभेचा मांडव ठरवाल, तेव्हाच तिच्यानंतरच्या सहा महिन्यांचंही ठरवा. कोणत्या घरात प्रार्थनेची वेळ कोणती, कोण कोणाच्या घरी जाऊन विचारपूस करणार, वाचायचं काय, हे लिहून काढा. येशूचं चरित्र सांगणाऱ्या मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करता येईल. १६च अध्याय आहेत, रोज अर्धा वाचला तरी साधारण महिन्याभरात पूर्ण होतं, आणि लहान मुलंसुद्धा मन लावून ऐकतात.