फिरायला न्यायची रायफल

पेनसिल्व्हेनियातले आमचे शेजारी रानात फिरायला निघताना रायफल बरोबर घेतात आणि मारत काहीच नाहीत. आईला हे व्हिडिओ कॉलवर समजावणं माझ्याच्यानं झालेलं नाही.

"मारायचं काय आहे?"

"काही नाही."

"मग कशाला रे?"

याचं उत्तर शेजारच्या म्हातारबांकडेही नाही. पण त्यांच्या मालकीचं चाळीस एकर रान आहे, त्यामुळे त्यांना कुणी विचारत नाही.

आमच्या घराण्यातली बंदूक म्हणजे कोकणातल्या काकांची ठासणीची, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. ती निवडली कुणीच नव्हती, होती ती होती. निवडणूक जाहीर झाली की काका ती पोलीस ठाण्यात जमा करून येत. वानरांना आचारसंहिता लागू नसल्यामुळे तेवढ्या दिवसांत बागेचा फडशा पडे. अशा परंपरेतला मी, ग्रीनकार्ड हातात पडताच म्हातारबांच्या तावडीत सापडलो.

"फिरायची रायफल हलकी हवी," ते म्हणाले. इथवर ठीक होतं. पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस १८८७ सालचं, गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास. ससा, खार आणि बिअरचा रिकामा डबा, एवढंच तिचं कार्यक्षेत्र. पण ही एवढीशी गोळी झाडायला दुकानात भिंतभर रायफली!

रूगरची टेन-ट्वेंटीटू १९६४ पासून चालत आलेली, दहा गोळ्यांचं गोल मॅगझिन, वजन सव्वादोन किलोच्या घरात. "ही काय, सगळ्यांकडेच असते," म्हणून म्हातारबांनी ती बाद केली. त्यांच्याकडे दोन आहेत. मग हेन्रीची लिव्हर ॲक्शन. दांडी खाली-वर केली की असा खटॅक् आवाज येतो, की चष्मा लावलेल्या माणसालाही आपण घोड्यावर बसलोय असं वाटतं. मला ती तिथल्या तिथे आवडली, पण पहिल्याच भेटीत आवडलेली रायफल घ्यायची नसते म्हणे. ब्राउनिंगची देखणी, मधून दोन तुकडे होणारी, रिकामी काडतुसं खालून टाकणारी. किंमत ऐकून मी ती फार हळू खाली ठेवली. शेवटी एआर-सेव्हन. सगळी सुटी करून तिच्याच दस्त्यात भरायची, वजन दीड किलोच्या जरा वर, पाण्यात पडली तर तरंगते.

"आणि मी पडलो तर?"

दुकानदार हसला नाही.

अस्वल आलं तर काय, हेही विचारून झालं. त्यावर १८९४ च्या घडणीची, थर्टी-थर्टी या मोठ्या काडतुसाची विंचेस्टर हातात आली. तिचं वजन तीन किलो, म्हणजे ती हलकी नाही, म्हणजे अस्वल रद्द.

हेन्रीच घेतली. मग बंदूक विकत घेताना भरायचा सरकारी फॉर्म ४४७३. त्यात सरकार विचारतं, तुम्ही फरारी आहात का? यावर 'हो' अशी खूण करणारा माणूस मला एकदा बघायचाय. इतक्या प्रामाणिक माणसाला रायफल द्यायला हरकत नसावी.

रानातलं खरं श्वापद मात्र वेगळंच निघालं. हरणांवरची गोचीड, पिल्लू असताना खसखशीच्या दाण्याएवढी. ती चावून होणाऱ्या लाइम रोगाच्या नोंदींत हे राज्य देशात आघाडीवर असतं. तिला पॉइंट टू-टू लागू पडत नाही, थर्टी-थर्टीही नाही. पँट मोज्यांत खोचायची आणि घरी आल्यावर बायकोकडून कानामागे तपासून घ्यायचं, हाच बंदोबस्त.

हेन्रीला आता दुर्बीण बसवली आहे, कारण सगळे बसवतात. दुर्बिणीमुळे पट्टा रुंद घ्यावा लागला. खांद्यावरच्या पिशवीत काडतुसांची डबी, गोचिडीचा चिमटा, फवारा, चहाचा थर्मास, बायकोने दिलेला चिवडा. परवा ओढ्याजवळच्या चढावर मला धाप लागली तेव्हा म्हातारबांनी सगळा सरंजाम न्याहाळला आणि म्हणाले, "तुला एखादी हलकी रायफल बघायला हवी."