‘अँटिबायोटिक दिलं नाही, मग पैसे कशाचे घेतले?’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

आपण एक तारा देऊन जे लिहिलंत ते मी सगळं वाचलं. गावी राहणाऱ्या आपल्या आईंना सहा दिवस खोकला होता. आमचे ४.८ तारे बघून आपण व्हिडिओवर वेळ घेतली. डॉक्टर मॅडमनी अँटिबायोटिक दिलं नाही, उलट जवळच्या डॉक्टरांकडून छाती तपासून घ्या म्हणाल्या. मग पैसे कशाचे घेतले, आणि बाकीचे चांगले रिव्ह्यू विकतचे आहेत का, असे दोन प्रश्न आपण विचारले आहेत. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. इतर वाचणाऱ्यांच्याही मनात ते येत असतील, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्या आई आमच्या पेशंट आहेत की नाहीत, त्यांना कोणी तपासलं, काय लिहून दिलं, यातलं काहीही मी इथे सांगणार नाही. पेशंटची माहिती गुप्त ठेवणं हे डॉक्टरांवरचं बंधन आहे आणि एक तारा मिळाला म्हणून ते सुटत नाही. त्यामुळे अशा ठिकाणी वाचकांना नेहमी एकच बाजू दिसते, हेही लक्षात असू द्या. पुढचं सगळं मी सर्वसाधारण म्हणून लिहितो आहे.

आधी पैशांचं. टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन-व्हिडिओवरून सल्ला देण्याची, देशातली नियमावली २५ मार्च २०२० रोजी आली. समोर दिसणाऱ्या आणि ऐकू येणाऱ्या माहितीवर निर्णय घेता येतो का, हे तिच्यानुसार डॉक्टरांनीच ठरवायचं असतं. येत नसेल तर प्रत्यक्ष तपासणीला पाठवायचं. कॅमेऱ्यातून छातीला स्टेथोस्कोप लावता येत नाही. वयस्क माणसाचा खोकला असेल आणि डॉक्टरांना शंका आली, तर ‘जाऊन दाखवा’ हाच त्या दिवशीचा खरा सल्ला असतो. फी त्या निर्णयाची असते. औषधाच्या चिठ्ठीवर फी ठरायला लागली, तर प्रत्येकाला चिठ्ठी मिळेल आणि ते फार वाईट होईल.

अँटिबायोटिकबद्दल मला मनापासून काळजी वाटते. सर्दीनंतरचा खोकला बहुतेक वेळा विषाणूमुळे असतो आणि दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. आपल्याकडे ही औषधं इतकी सर्रास घेतली गेली की त्यातल्या अनेकांसाठी २०१४ पासून एच-१ ही वेगळी अनुसूची (चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांची यादी) लागू करावी लागली आणि मेडिकलवाल्यांना त्यांची नोंदवही ठेवणं बंधनकारक झालं. तरीही पेशंटला गोळी हवी असते, आणि गोळी मिळाली की समाधान वाटतं.

ताऱ्यांचा प्रश्न इथूनच सुरू होतो. अमेरिकेत २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. श्वसनमार्गाच्या संसर्गासाठी ऑनलाइन डॉक्टरांशी झालेल्या ८ हजारांहून जास्त भेटी त्यात तपासल्या होत्या. अँटिबायोटिक मिळालेल्यांपैकी सुमारे ९१ टक्के लोकांनी पाच तारे दिले. दुसरं काही औषध मिळालेल्यांत ते प्रमाण ८६ टक्के होतं आणि काहीच न मिळालेल्यांत सुमारे ७३ टक्के. म्हणजे तारे वाढवायचा सोपा रस्ता आम्हाला ठाऊक आहे. त्या रस्त्याने आम्ही जाणार नाही. आमच्या डॉक्टरांचं मानधन ताऱ्यांवर ठरत नाही आणि पुढेही ठरणार नाही.

आता विकतच्या रिव्ह्यूंचं. आम्ही पैसे, सवलत किंवा मोफत भेट देऊन कोणाकडूनही काही लिहून घेत नाही. आमच्या ॲपवर सल्लामसलत पूर्ण झालेल्यालाच लिहिता येतं. ऑनलाइन नकाशावरच्या आमच्या पानावर मात्र ज्याचं खातं आहे तो कोणीही लिहू शकतो, आमचा पेशंट असो वा नसो. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणलं, पण ते ऐच्छिक आहे. पेशंटकडून रिव्ह्यू मागू नयेत असं डॉक्टरांना सांगणारे राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे नियम ऑगस्ट २०२३ मध्ये आले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले.

पण खरे रिव्ह्यूसुद्धा कशाबद्दल बोलतात ते बघा. बहुतेक जण कॉल संपल्यावर तासाभरात लिहितात, तेव्हा औषधाची पहिली गोळीही पोटात गेलेली नसते. पुष्कळदा लिहिणारा पेशंट नसतोच, आपल्यासारखा शहरात राहणारा मुलगा किंवा मुलगी असते. डॉक्टर वेळेवर आले का, मराठीत नीट बोलले का, ऐकून घेतलं का, आवाज तुटत होता का, हे त्यांना अचूक सांगता येतं आणि त्यासाठी आमचे रिव्ह्यू जरूर वाचा. निदान बरोबर होतं का, हे त्यांना त्या दिवशी कळण्याचा मार्गच नाही. आपोआप बरा झालेला खोकलाही ‘डॉक्टरांच्या हाताला गुण आहे’ म्हणून पाच तारे मिळवून जातो! आमच्या ४.८ मध्ये असे तारे नक्की आहेत.

म्हणून ४.८ बघून आमच्यावर भरवसा ठेवू नका, ही विनंती मी सगळ्याच वाचकांना करतो. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आमच्या प्रत्येक चिठ्ठीवर असतो. तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येतो. डॉक्टरांनी आधीचे आजार, चालू असलेल्या गोळ्या, ॲलर्जी विचारली का ते बघा. प्रत्यक्ष भेटायला कधी जायचं हे स्पष्ट सांगितलं का ते बघा.

आपल्या आईंची छाती अजून तपासून घेतली नसेल तर कृपया आजच घ्या. धाप लागणं, ताप न उतरणं, थुंकीतून रक्त, ग्लानी यांपैकी काही असेल तर व्हिडिओच्या भानगडीत न पडता थेट दवाखाना गाठा. फीबद्दल तक्रार कायम असेल तर पावतीवर दिलेल्या नंबरवर फोन करा, मी स्वतः बोलेन. तिथे मला मोकळेपणाने बोलता येईल. आपला अभिप्राय काढून टाकावा अशी विनंती आम्ही कुठेही करणार नाही.

– संचालक