औरंगजेब, आई आणि 1331 पिना

औरंगजेबाचा फोन रोज संध्याकाळी सात वाजता येतो.

"भाई, माझा दरबाराचा सीन झाला?"

"रेंडर चालू आहे."

"काल पण चालूच होतं."

"काल पहिला अंक होता."

औरंगजेब दिवसा हायस्कुलात गणित शिकवतो, त्यामुळे टक्केवारीत त्याला फसवता येत नाही. गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात जत्रेच्या रात्री मराठी नाटक होतं आणि गेली अकरा वर्षं औरंगजेब त्याचाच. कॅमेरा माझा, म्हणून शूटिंग माझं. शूटिंग माझं, म्हणून एडिटिंगही माझ्याच गळ्यात. नाटक रात्री अकराचं, नांदी साडेबाराला, आणि महाराज आग्र्याहून सुटतात तेव्हा बाहेर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजतो. तो भोंगा पुसण्यातच माझ्या दोन संध्याकाळी जातात. मग ते चार तासांचं सगळं रेंडरला, म्हणजे तुकडे जोडून एकसंध व्हिडिओ करायला, संगणकाच्या हवाली करायचं आणि झोपायचं. सकाळी उठून बघावं तर 61 टक्के. महाराज अजून पेटाऱ्यातच.

संगणक 2017 चा. प्रोसेसर एएमडी कंपनीचा, रायझन 5 1600. सहा कोर, म्हणजे काम वाटून घेणारे सहा गडी. घेतला तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "आता दहा वर्षं बघायला नको." मी ते शब्दशः घेतलं आणि खरंच बघितलं नाही, कॅबिनेटच्या आत तर नाहीच.

"बाबा, प्रोसेसर बदला," असं मुलगा 2022 पासून सांगतोय. आणि वाईट म्हणजे, ते सोपं आहे. अवघड असतं तर मी केव्हाच नाद सोडला असता. माझा मदरबोर्ड बी350, त्याचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, एएम4. त्या वर्षी एएमडीने या जुन्या 300 मालिकेच्या बोर्डांनाही रायझन 5000 चालवायची मुभा दिली. म्हणजे बोर्ड तोच, रॅम तीच. नुसता रायझन 5 5600 आणायचा नि बसवायचा. कोर तेवढेच सहा, पण एकेक कोर जुन्यापेक्षा कितीतरी चपळ, आणि खायला तेच 65 वॉट. "माणूस तोच ठेवायचा, फक्त डोकं बदलायचं," असं मी बायकोला समजावून सांगितलं. ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

पण त्याच सप्टेंबरात एएम5 हे नवं सॉकेट येणार होतं. नवं दारात असताना जुन्यात पैसे कोण घालणार? थांबलो. ते आलं, तर त्याला डीडीआर5 रॅमच लागते. बोर्ड नवा, रॅम नवी. रॅम उतरू दे म्हणून थांबलो. 2024 च्या ऑगस्टात रायझनची 9000 मालिका आली, तेव्हा आधीचे 7000 वाले उतरतील म्हणून थांबलो. उतरलेही थोडेसे. पण उतरायला लागलेली वस्तू मध्येच कोणी विकत घेतो का?

गॉर्डन मूर यांनी 1965 मध्ये लिहिलं होतं की चिपवरचे घटक दरवर्षी दुप्पट होत जातील. 1975 मध्ये त्यांनी तो हिशेब दोन वर्षांवर आणला. त्या वाक्यावर जगाने केवढाले कारखाने उभारले. मी त्यातून एवढंच घेतलं, की आज घेणारा मूर्ख.

"तुमचं हे बांगड्यांसारखं आहे," बायको म्हणाली. "सकाळी शंभराला पाच. नको म्हणायचं, संध्याकाळी आठ देईल म्हणून. देते की आठ! पण मांजराला घालायला."

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण जेवणात बांगडेच होते, म्हणून बोललो नाही.

बायोसची भीती हीही होतीच. जुन्या बोर्डावर 5600 चालवायचा तर आधी बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर, अपडेट करावं लागतं, आणि ते चालू असताना लाईट गेली तर बोर्डाचा उपयोग मसाला वाटायला. फोंड्याच्या पावसात एवढं धाडस कोण करणार? आमच्याकडे ढग नुसता वाकून बघतो तोच फॅन मंदावतो. युपीएस आहे. तो लाईट गेली की "पीं" म्हणतो, मग स्वतःही जातो. तेव्हा जून ते सप्टेंबर हे चार महिने दरवर्षी आपोआपच वजा. उरलेल्यांत चवथ, दिवाळी आणि जत्रा.

2025 मध्ये मात्र मी मनाची तयारी केली होती. तर 15 ऑगस्टला लाल किल्ल्यावरून सांगण्यात आलं, दिवाळीपर्यंत जीएसटी कमी होणार. थांबणाऱ्याला सरकारी पाठिंबा! शिवाय 27 तारखेला चवथ. चवथीच्या तोंडावर गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या सामानाबाहेर पैसा काढणारा माणूस गोव्यात अजून जन्मायचा आहे. 22 सप्टेंबरला नवे दर लागू झाले. सकाळी चहाही न घेता यादी वाचली. एसी 28 वरून 18 टक्क्यांवर. मोठे टीव्ही 28 वरून 18. संगणकाचे भाग आधीच 18 मध्ये होते, ते 18 मध्येच राहिले. म्हणजे पाच आठवडे मी जो थांबलो तो एसीसाठी, आणि एसी मला घ्यायचाच नव्हता.

मग 14 ऑक्टोबर आला. विंडोज 10 च्या अपडेटांचा शेवटचा दिवस. विंडोज 11 माझ्या प्रोसेसरला उंबरठ्यावरही उभं करत नाही. पहिल्या पिढीचे रायझन मायक्रोसॉफ्टच्या यादीतच नाहीत. मुलगा म्हणाला, "आता तरी?" मी मान हलवणार, तेवढ्यात कळलं की सुरक्षा अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळू शकतात, आणि सेटिंग्ज त्यांच्या खात्यात सिंक केल्या तर फुकट. साक्षात मायक्रोसॉफ्ट म्हणतंय, थांबा. मी कोण पुढे जाणारा?

वर्ष संपता संपता रॅम भडकली. एआयच्या डेटा सेंटरांनी जगातली मेमरी ओढून घेतली, म्हणून. दुकानात फोन केला तर तो म्हणाला, "बाब, भाव सकाळीच विचारा. दुपारचं मी सांगू शकत नाही." सोनाराची ही भाषा संगणकवाल्याच्या तोंडी ऐकून एएम5 माझ्या मनातून उतरलं. रॅम उतरायची वाट बघत होतो, उतरलं ते हे.

राहिला 5600. घ्यायचाच, असं ठरवलं. म्हणजे जवळजवळ. त्याआधी एकदा साफ करून बघावं म्हटलं; धुळीमुळेही संगणक मंदावतो.

रविवारी कॅबिनेट उघडलं. आत नऊ वर्षांचं गोवा होतं. दमटपणाने गंजलेले स्क्रू, पंख्याच्या पात्यांवर धुळीचं कांबळं, तळाशी पालीची दोन रिकामी अंडी, आणि काळ्या मुंग्यांची एक वाट, जी पॉवर सप्लायमध्ये शिरून कुठेच बाहेर पडत नव्हती. ब्रशने धूळ झाडली. मग प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरचे चार स्क्रू सोडवले आणि कूलर वर उचलला.

"कट्ट" असा आवाज झाला. कूलर आला. प्रोसेसरही आला.

यात नवल नाही. एएम4 मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात, सॉकेट त्या नुसत्या धरून ठेवतं. प्रोसेसरची उष्णता कूलरला पोचवणारी मधली पेस्ट सुकून घट्ट झाली की ती सॉकेटला जुमानत नाही. म्हणून आधी संगणक चालवून पेस्ट गरम करायची, मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवायचा आणि मगच उचलायचा. हे मी दोन जणांना फोनवर शिकवलेलं आहे.

उलटा करून बघितलं. 1331 पिना. कोपऱ्यातल्या दोन आडव्या.

आणि खरं सांगतो, पोटात खड्डा पडायच्या ऐवजी मला हलकं हलकं वाटायला लागलं. चार वर्षांचा प्रश्न एका "कट्ट"मध्ये सुटला होता. आता थांबायचं कशाला? कोणासाठी? प्रोसेसर ताटलीत ठेवला, चेहरा शक्य तितका दुःखी केला आणि अंगणात तुळशीपाशी गेलो, कारण रेंज तिथेच येते.

"5600 आहे?"

"एक असेल. बघून फोन करतो, बाब."

पाच मिनिटं तिथेच फेऱ्या मारल्या. मनात जुन्या बोर्डालाही रजा दिली आणि नव्याचा रंग ठरवला. घरात आलो, तर आई टेबलापाशी बसलेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला जे दिसतं ते आम्हा कोणाला दिसत नाही. एका हातात प्रोसेसर, कडेने धरलेला, दुसऱ्या हातात सुई.

"आई, राहू दे!"

"एवढे काटे रे याला," ती मान वर न करता म्हणाली. "पेडव्यालाही नसतात एवढे."

सुई पिनेच्या मुळाशी टेकवायची, दाबायची नाही, केसाएवढी उचलायची, थांबायचं, पुन्हा उचलायची. चवथीला नेवऱ्यांना मुरड घालताना तिची बोटं अशीच चालतात: घाई नाही, पण थांबलीत असंही वाटत नाही. मी मनात म्हणत होतो, मोडेल. आता मोडेल. मोडली नाही. पहिली सरळ झाली. दुसरी तर शेजारणींपेक्षा सरळ.

मुलाने प्रोसेसर सॉकेटवर ठेवला. तो स्वतःच्या वजनाने अलगद आत बसला. नवी पेस्ट, कूलर, चार स्क्रू, बटण. पंखा फिरला. मी स्क्रीनकडे बघत होतो. मनातली इच्छा इथे लिहिण्यासारखी नाही. विंडोज 10 उघडलं. तिसरा अंक रेंडरला लावला. जो संगणक एरवी 88 अंशांवर तापून मान टाकायचा, तो 63 वर बसून शांतपणे महाराजांना आग्र्याहून काढत होता. टक्के मोजता मोजता पुढे सरकत होते.

"झालं ना चालू?" आई सुई दोऱ्याच्या रिळात खोचत म्हणाली. "आता बघायला नको."

फोन वाजला. औरंगजेब असेल म्हणून मी सवयीने घड्याळ बघितलं. सात वाजायचे होते. दुकानदार होता.

"बाब, एकच पीस आहे. बाजूला काढून ठेवू?"

स्क्रीनवर 34 टक्के झाले होते. मुलगा माझ्याकडे बघत होता. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला, म्हणजे बायकोही ऐकत होती.

"जरा थांबा," मी म्हटलं.