मळवलीला जाताय? मग गड आधी, लेणी नंतर

पुण्यातून एका दिवसात लोहगड आणि भाजे, कार्ले ही बौद्ध लेणी असं तिन्ही होतं, तेही गाडी न काढता. पण क्रम चुकला की दिवस हातचा जातो. बहुतेक जण सकाळी कार्ल्याला एकवीरेचं दर्शन घेतात, मग भाजे करतात आणि भर दुपारी गडाच्या पायऱ्या चढायला लागतात. माझं स्पष्ट मत आहे की हा क्रम उलटा करा. सकाळी गड, उतरताना भाजे आणि शेवटी कार्ले.

याचं एक कारण ऊन. दोन्ही लेण्यांची तोंडं पश्चिमेकडे आहेत, त्यामुळे सकाळी चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनात, अंधार असतो आणि लोक मोबाइलचा टॉर्च मारून स्तूप बघतात. दुपार कलली की उजेड आपोआप आत उतरतो. दुसरं कारण असं की भाजे आधीचं, म्हणजे साधारण इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातलं, आणि कार्ल्याचा चैत्य त्यानंतरचा. त्या क्रमाने पाहिलं तर कारागीर काय शिकत गेले ते कुणी न सांगता दिसतं.

पुण्याहून सहा-साडेसहाच्या सुमाराची लोणावळा लोकल पकडा. मळवली हे लोणावळ्याच्या अलीकडचं स्टेशन, सव्वा तासात पोहोचता. वेळापत्रक आदल्या रात्री बघून ठेवा, कारण सकाळ सरली की लोकल विरळ होतात आणि एक चुकली तर पुढचं सगळं गणित कोसळतं. स्टेशनवरून एक्सप्रेसवेवरचा पूल ओलांडला की अर्ध्या तासाच्या आत भाजे गाव. तिथून लोहगड आणि विसापूर यांच्यामधल्या गायमुख खिंडीतून लोहगडवाडीला जायला चालत दीड ते दोन तास धरा. शनिवार-रविवारी पावसाळ्यात या अरुंद रस्त्यावर गाड्या अशा अडकतात की चालणारा आधी पोहोचतो. वाडीत पिठलं-भाकरी मिळते, पण वर जातानाच सांगून ठेवा म्हणजे उतरल्यावर ताटकळावं लागत नाही. रोख पैसे जवळ असू द्या, रेंजचा भरवसा नाही.

गडाचा चढ सोपा आहे, पाऊण तास पुरतो. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा हे चार दरवाजे नागमोडी वाटेवर आहेत. एक दरवाजा ओलांडून आलेला माणूस पुढच्या दरवाजाकडे वळताना वरच्या तटाच्या थेट माऱ्यात येतो. महादरवाजातून आत आलात की वर न जाता एकदा मागे वळून खाली बघा, ही रचना नकाशापेक्षा चांगली कळते. १६६५च्या पुरंदरच्या तहात हा गड मोगलांना द्यावा लागला आणि १६७०मध्ये परत स्वराज्यात आला. पुढे नाना फडणवीसांनी इथे बांधकामं केली, माथ्यावरचं तळं त्यांच्याच काळातलं. २०२५मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत लोहगड आहे.

विंचूकाटा, म्हणजे गडाची लांब निमुळती सोंड, जरूर करा, पण माथ्यावरून त्या सोंडेवर जाताना थोडा कातळ उतरावा लागतो. पावसात त्यावर शेवाळ धरतं, धुकं आलं तर सोंडेची कड दिसत नाही. अशा वेळी वरूनच बघून परत फिरा. झिजल्या तळव्याचे बूट या पायऱ्यांवर हमखास घसरतात. पाणी माणशी तीन लिटर. विसापूर मात्र त्याच दिवशी जोडू नका, तो स्वतंत्र दिवसाचा गड आहे.

दुपारी दोनपर्यंत भाज्यात उतरा. चैत्यगृहासमोर उभं राहिलात की आधी खांब बघा. साधे अष्टकोनी, कोरीव फारसं काही नाही, आणि सगळे आतल्या बाजूला कललेले. लाकडी मंडपात छताचा भार खांबांना बाहेर रेटतो, म्हणून सुतार खांब आत कलते उभे करतो. दगडात कोरताना त्याची काही गरज नव्हती, पण कोरणाऱ्यांच्या डोळ्यासमोर लाकडी इमारतच होती. दर्शनी बाजूही मुळात लाकडी होती. ती गेली, तिच्या खाचा कातळात शिल्लक आहेत, म्हणून आज चैत्य समोरून सताड उघडा दिसतो. बाजूचा दगडी स्तूपांचा समूह आणि दक्षिणेकडच्या विहारातली, म्हणजे भिक्खूंच्या निवासाच्या लेण्यातली, रथारूढ सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पं न बघता परतू नका. गर्दी धबधब्याला जाते, इकडे फार कुणी येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

भाज्यातून रिक्षा करून कार्ल्याच्या पायथ्याला या. साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. रविवारी आणि चैत्रातल्या यात्रेत एकवीरेच्या दर्शनाची रांग पायऱ्यांवर येते, त्या दिवशी हा बेत करू नका. लेण्याचं तिकीट वेगळं, आणि पाचच्या आत बघून होईल अशा बेताने या.

इथले खांब सरळ आहेत. सुमारे ४५ मीटर लांबीचं चैत्यगृह, दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब, तळाशी घट, माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांवर स्वार. स्तूपामागचे सात मात्र साधे अष्टकोनी, जणू भाज्यातून आलेले. छताच्या लाकडी फासळ्या बहुतांश मूळच्याच, दोन हजार वर्षांच्या आहेत. व्हरांड्यात ब्राह्मी लेख आहे. त्यात वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा, श्रेष्ठी (व्यापारी) भूतपाल या शैलगृहाला जंबुद्वीपातलं उत्तम म्हणतो. हिवाळ्यात चारच्या सुमारास स्तूपासमोर दहा मिनिटं बसा. टॉर्च लागत नाही, वरच्या गवाक्षातून आलेल्या उजेडात हत्तींच्या सोंडासुद्धा मोजता येतात.

परतीला कार्ला फाट्यावरून लोणावळ्याला जा आणि तिथूनच लोकल पकडा, म्हणजे बसायला जागा मिळते.