'फ्री आणि फास्ट'चा टॅग नाही म्हणून विक्रेता लुटारू?

गेला महिनाभर एक मेसेज ठाण्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. घोडबंदर रोडच्या मैत्रिणीकडून आला, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, काल भिशीच्या ग्रुपवरही पडला. मजकूर थोडक्यात असा: ऑनलाइन घेताना 'फ्री' आणि 'फास्ट' डिलिव्हरीचा टॅग असेल तरच घ्या. टॅग असला की डिलिव्हरीचा खर्च कंपनी भरते, विक्रेता तत्पर असतो, माल तपासलेला असतो. डिलिव्हरीचे वेगळे पैसे लावणारे एमआरपीच्या वर लुटतात, ते बेकायदा आहे.

माझी वहिनी कळव्याला गोधड्या शिवते आणि ऑनलाइन विकते. तिची पार्सलं मी बांधते. म्हणून हे उत्तर.

'खर्च कंपनी भरते.' कधीमधी भरतेही. गिऱ्हाईक ओढायचं असतं, सेल असतो, किंवा वर्षाची मेंबरशिप आपण आधीच भरलेली असते. एरवी तो खर्च विक्रेत्याच्या हातात पडणाऱ्या रकमेतून कापला जातो, आणि विक्रेता तो किमतीत धरतो.

गोधडीचंच घ्या. वजन पावणेदोन किलो. पण बहुतेक कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात आणि दोन्हींत जो आकडा मोठा तो लावतात. आमचं खोकं ४० बाय ३५ बाय २० चं. हिशेब येतो ५.६ किलो. म्हणजे पावणेदोन किलोच्या गोधडीला साडेपाच किलोच्या वरचं भाडं. हे पैसे कुणीतरी देणारच. वहिनी ते वेगळे दाखवत होती. एका साइटवर तिने तेवढीच रक्कम किमतीत मिळवली, तर गोधडीला लगेच 'फ्री' टॅग लागला आणि फिल्टर लावणाऱ्यांना ती दिसायला लागली. गिऱ्हाइकाच्या खिशातून जाणारा रुपया तेवढाच राहिला. उलट दोन गोधड्या एकाच खोक्यात मागवणाऱ्याचं नुकसान झालं, कारण आता प्रत्येक गोधडीत भाडं धरलेलं आहे.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्यांच्या बाजूची आहे, ती मान्य करते. वस्तू परत केली तर वेगळी लावलेली डिलिव्हरी पुष्कळदा परत मिळत नाही. किमतीत धरलेली असेल तर सहसा पूर्ण पैसे येतात. कपडे, चपला अशा मापाच्या वस्तू घेताना हे जरूर बघावं.

'अमुक रुपयांच्या वर फ्री' हा प्रकार वेगळा. साठ रुपये कमी पडतात म्हणून दीडशेची नको असलेली वस्तू टाकायची, हे आपण सगळेच करतो. तिथे चाळीस रुपयांची डिलिव्हरी भरलेली स्वस्त पडते.

'फास्ट म्हणजे विक्रेता तत्पर.' फास्ट टॅग मुख्यतः सांगतो की माल आत्ता कुठल्या गोदामात आहे आणि तुमचा पिन कोड तिथून किती लांब आहे. ठाणेकरांना हे वेगळं सांगायला नको. भिवंडीची गोदामं आपल्या उंबऱ्याशी आहेत. सुरतेच्या व्यापाऱ्याने साड्यांचे गठ्ठे आधीच भिवंडीत आणून ठेवले असतील, तर त्याची साडी नौपाड्यात दुसऱ्या दिवशी येते. तीच साडी, तोच व्यापारी, पण पिन जव्हारचा टाकला की तारीख पुढे सरकते. व्यापारी तेवढ्यात आळशी झाला का? गोदामात माल ठेवायचं भाडं लागतं, आणि तिथे एकसारखे नग लागतात. ऑर्डर आल्यावर शिवायला घेतलेली गोधडी तिथे आधीपासून कशी ठेवणार? वहिनी आठ दिवस सांगते आणि सातव्या दिवशी पार्सल निघालेलं असतं. मी याला तत्परता म्हणते.

'टॅग म्हणजे माल तपासलेला.' हे टॅग त्या त्या साइटचे स्वतःचे आहेत. काही साइट टॅग देताना पॅकिंग, दर्जा बघतात, पण तो आयएसआयसारखा प्रमाणित शिक्का नव्हे. डिलिव्हरीचा टॅग डिलिव्हरीबद्दलच बोलतो.

'वेगळे पैसे लावणं बेकायदा.' हे वाक्य सगळ्यात जास्त नुकसान करतंय. एमआरपी वस्तूची असते, घरपोच आणून देणं ही वेगळी सेवा आहे. २०२० चे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम सांगतात की एकूण किंमत एका आकड्यात दाखवा आणि तिची फोडही दाखवा. त्या फोडीत डिलिव्हरी, पोस्टेज, हाताळणीचा खर्च नाव घेऊन लिहिलेला आहे. जो उघड दाखवतो, तो नियम पाळतो.

गैर आहे ते लपवणं. सुरुवातीला एक किंमत दाखवून शेवटच्या पानावर एकेक जादा शुल्क लावत नेणं, याला ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविरोधी (म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांविरोधी) मार्गदर्शक तत्त्वांत ड्रिप प्रायसिंग म्हटलंय. तिथे नोंदवलेल्या १३ प्रकारांपैकी तो एक. आणि २०२२ ची फसव्या जाहिरातींबद्दलची तत्त्वं बजावतात की पॅकिंग किंवा हाताळणीचे पैसे घेत असाल तर त्या वस्तूला फुकट म्हणू नका. म्हणजे 'फ्री डिलिव्हरी' लिहून खाली 'हँडलिंग फी' लावणारी पानं तपासायला हवीत, आणि या मेसेजमुळे बोट भलतीकडेच दाखवलं जातंय. परवा आमच्याच सोसायटीतल्या एका काकूंनी वहिनीची ऑर्डर रद्द केली, 'डिलिव्हरी लावता, म्हणजे फसवणूक' असं लिहून. वहिनी दोन दिवस गप्प होती.

वस्तू घेताना आधी आपला पिन टाका, मग पैसे भरायच्या पानावरचा शेवटचा आकडा दोन विक्रेत्यांचा शेजारी शेजारी ठेवून बघा. यादीतल्या किमतीपेक्षा तो आकडा न सांगता फुगला असेल, तर दोन्ही पानांचे स्क्रीनशॉट घ्या आणि साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवा. त्याने ४८ तासांत पोच देणं आणि महिन्याभरात निवारण करणं बंधनकारक आहे. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.